नावावरची गाडी

कपाटातला फोन वाजला तेव्हा पुष्पलता ओट्यापाशी उभी राहून वालपापडी निवडत होती. फोन आत्मारामचा होता. त्याला जाऊन सोळा महिने झाले होते. पण बँक, गॅस, पेन्शन, सगळीकडे त्याचाच नंबर दिलेला, म्हणून ती तो दर रविवारी चार्ज करायची आणि पुन्हा त्याच्या इस्त्रीच्या शर्टांवर ठेवून द्यायची. ती हात पुसून आली, चष्मा लावला. मेसेज वाहतूक पोलिसांचा होता, खाली निळ्या अक्षरांत लिंक. अशा लिंका उघडायच्या नसतात हे तिला ठाऊक होतं. पण वर गाडीचा नंबर होता आणि तो तिला स्वतःच्या जन्मतारखेसारखा पाठ होता. तिने बोट टेकवलं. बराच वेळ नुसतं गोल फिरत राहिलं, आणि मग वरून खाली, पडदा सोडावा तसा फोटो उतरला: राखाडी रस्ता, चिल्हार फाट्याकडचा पूल, आणि पुलाखालून सरळ तिच्याकडे येणारी त्यांची चंदेरी, सात सीटची गाडी.

काचेत आभाळ पडलं होतं, त्यामुळे चालवणाऱ्याच्या जागी नुसता पांढरा उजेड होता. स्टिअरिंगवर चार बोटं तेवढी दिसत होती. गाडी तिने अकरा महिन्यांपूर्वी विकली होती. ती बोटं कुणाची का असेनात, तिला काय करायचं होतं? तरी ती त्यांच्याकडे बघत राहिली, आणि आपण ती ओळखायचा प्रयत्न करतो आहोत हे ध्यानात येताच तिने नजर खाली नेली. फोटोखाली लिहिलं होतं: वेग ताशी सत्त्याण्णव किलोमीटर. त्याखाली: विमा, मुदत संपलेली. आणि सगळ्यात वर: वाहनमालक, आत्माराम गोविंद सावे. सत्त्याण्णव. आत्माराम कधी पन्नासच्या वर गेला नाही. मागून ट्रकवाले हॉर्न मारून मारून थकायचे, शेजारून जाताना शिव्या घालायचे, आणि तो दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून समोर बघत राहायचा, जसा अणुऊर्जा केंद्रात तीस वर्षं पाळीवर काट्यांकडे बघत राहिला. मूलबाळ नसलेल्या माणसाने सात सीटची गाडी घेतली म्हणून भाऊबंद हसले होते. सगळ्यांना विवळवेढ्याच्या महालक्ष्मीला नेता येईल, एवढंच तो म्हणाला होता. आणि नेलंही होतं, तीन-चार वेळा, पन्नासच्या आत.

तिने शैलेशला फोन लावला. शैलेश तिच्या धाकट्या दिराचा मुलगा. गाडीचा व्यवहार त्यानेच जमवला होता. सालवडच्या प्रफुल्ल नावाच्या माणसाला गाडी दिली होती, जो कंपन्यांना कामगार पुरवायचा.

"काकी, विकली ना गाडी? मग ज्याची गाडी तो बघंल," शैलेश म्हणाला.

"चलन ह्यांच्या नावानं आलंय."

"येऊ दे. मेलेल्या माणसाला काय दंड करतात?" असं बोलून गेला आणि स्वतःच वरमला. "तसं नाय, काकी. मी सांगतो प्रफुल्लला. तो नावावर करून घेणार होता."

"अकरा महिने झाले, शैलेश."

"त्यासाठी आधी तुमच्या नावावर व्हायला पायजे ना. वारसाचे कागद, मृत्यूचा दाखला, विरारला आरटीओत तुमची सही. मी दोनदा आलो होतो तवा. तुमी दारच उघडलं नाय."

हे खरं होतं. तेव्हा ती दार उघडत नव्हती. बेल वाजली की ती स्वयंपाकघरात जाऊन उभी राहायची, आणि बाहेरचं माणूस चपला ओढत पायऱ्या उतरून जाईपर्यंत तशीच उभी असायची. अंगणातली गाडी मात्र तिला खिडकीतून दिसायची. तिच्यावर धूळ बसली, मग धुळीवर मांजराची पावलं उमटली, मग पाऊस पडून गेला आणि पुन्हा धूळ बसली. एक दिवस तिने शैलेशला चावी दिली आणि म्हणाली, ही माझ्या डोळ्यांसमोरून ने. गाडी गेल्यावर फरशीवर तेलाचा डाग उरला, तोही तिने सोडा टाकून घासून काढला. डोळ्यांसमोरून गेली म्हणजे गेली, असं ती धरून चालली होती. आणि आता ही ताशी सत्त्याण्णवने सरळ तिच्या अंगावर येत होती, आणि आत आभाळ भरलेलं होतं.

बोईसर स्टेशनकडच्या गल्लीत वर्षाराणीचं दुकान होतं. झेरॉक्स, पॅनकार्ड, गाड्यांचा विमा. आत्माराम दर वर्षी मुदतीच्या आठ दिवस आधी तिच्याकडे जायचा, पॉलिसीच्या दोन प्रती काढायचा, एक गाडीत, एक घरात. पुष्पलता पहिल्यांदाच एकटी त्या दुकानात शिरली. वर्षाराणीने खुर्ची पुसून दिली.

"मी दोनदा फोन केला होता काकू, काकांच्या नंबरवर. मुदत संपायच्या आधी. कुणी उचललाच नाय."

शर्टांवर ठेवलेला फोन पुष्पलताच्या डोळ्यांपुढे आला. तो वाजत असताना आपण कुठे होतो? बहुतेक बाजूच्याच खोलीत.

वर्षाराणीने कंप्यूटरवर गाडीचा नंबर घातला. पडद्यावर लगेच अक्षरं आली, 'नमस्कार आत्माराम', आणि खाली विम्यांची रांग; अमुक कंपनी, तमुक कंपनी, कशात काय मिळतं, कशात काय नाही. "सगळ्यात स्वस्त ही," ती बोट ठेवून म्हणाली. "नुसता थर्ड पार्टी. तीन-साडेतीन हजारांत होते. सरकार तेवढाच सक्तीचा करतं."

"तेवढाच म्हणजे?"

"म्हणजे बघा. पहिले तुमी, गाडीवाले. दुसरी विमा कंपनी. आणि तिसरा तो, रस्त्यावरचा, ज्याला आपली गाडी लागली. तुमची गाडी फुटली, जळली, चोरीला गेली, कायद्याला त्याचं काय पडलेलं नाय. तो विमा तुमच्या मर्जीवर. पण त्या तिसऱ्याचा विमा नसंल तर गाडी रस्त्यावर काढायचीच नाय. दंड हाय, जेलपण हाय."

"मग तोच काढ. आत्ता काढ."

वर्षाराणीने माऊसवरचा हात उचलला. "कुणाच्या नावानं काढू, काकू?"

दुकानात झेरॉक्सच्या मशीनचा गरम वास होता. पुष्पलता पडद्यावरच्या नावाकडे बघत राहिली.

"मशीनला काय कळत नाय," वर्षाराणी हळू आवाजात म्हणाली. "ते पैसे घेईल आणि पॉलिसी देईल. पण उद्या काय झालं तर कंपनीवाले पयला दाखला मागतील आणि बोलतील, मयत माणसाशी आमचा करार कसला? आणि दुसरं म्हणजे, तो प्रफुल्ल भाड्यानं माणसं वाहतो. गाडीला पाटी पांढरी, घरगुती. भाड्याच्या गाडीचा विमा वेगळा, पिवळ्या पाटीचा, महाग. म्हणून तर कोण काढत नाय. ही स्वस्तातली घेतली तरी तशा गाडीला कंपनी हात झटकायला बघंल."

"आणि आज काय झालं तर? आत्ता?"

"तर आरटीओच्या दप्तरात ज्याचं नाव, त्याच्याकडं येतात. काका नायत, तर वारसाकडं." तिने पुष्पलताकडे पाहिलं. "तुमच्या नावावर काय काय हाय, काकू?"

"घर हाय," पुष्पलता म्हणाली.

वर्षाराणीने पडद्यावरचं पान बंद केलं. तिने दोन उपाय सांगितले. एक, प्रफुल्लला धरून विरारला न्यायचं, गाडी आधी आपल्या, मग त्याच्या नावावर करायची आणि त्याला योग्य तो विमा काढायला लावायचा. याला वेळ लागतो, आणि माणूस यायला हवा. दुसरा, आजच पोलीस ठाण्यात आणि आरटीओत लेखी द्यायचं की गाडी अमक्याच्या ताब्यात आहे, विमा नाही, ती थांबवा. "पोच घ्या. उचलून नेतील गाडी." अर्ज तिने तिथेच टाइप करून दिला. पुष्पलताने सही केली, घडी घातली आणि पर्समध्ये ठेवला. रिक्षात बसल्यावर दोन-तीनदा तिने पर्स उघडून तो आहे ना हे पाहिलं.

रिक्षा पुलावर अडकली होती. एमआयडीसीकडून तो नेहमीचा वास येत होता, सडक्या बदामासारखा, जो बोईसरच्या माणसांना वर्षभराने येईनासा होतो आणि तिला तीस वर्षांनीही येत असे. तिसरा, रस्त्यावरचा. हा शब्द ती पहिल्यांदा ऐकत नव्हती. आत्मारामने तो तिला एकदा समजावून सांगितला होता, चिल्हार रस्त्यावर बकरी गाडीखाली आली त्या दिवशी. संध्याकाळ होती, उजेड होता अजून. झुडपातून ती एकदम पुढे आली आणि गाडीखाली मऊ, जड असं काहीतरी झालं. आत्माराम थांबला, उतरला. पाड्यावरची माणसं जमली. बकरीची मालकीण आली, तिने आरडाओरडा केला नाही, नुसती बसून बकरीच्या कानावरून हात फिरवत राहिली. आत्मारामने ती मागेल ते दिलं, वर आणखी दिलं. घरी आल्यावर पाण्याचा तांब्या हातात धरून म्हणाला, "बकरी होती." थोड्या वेळाने पुन्हा, "बकरी होती म्हणून." केंद्रात त्याच्या छातीवर बिल्ला असायचा, महिन्याभरात अंगात किती किरण शिरले ते त्यावर कळायचं, त्याची नोंद व्हायची. त्याचं त्याला भय नव्हतं. ते माझं मला आहे, मोजलेलं आहे, म्हणायचा. भय त्याला दुसऱ्याच गोष्टीचं होतं. "विमा कुणासाठी काढतो मी? गाडीसाठी नाय. त्या तिसऱ्यासाठी. तो कोण ते आपल्याला ठाऊक नाय, त्याला आपण ठाऊक नाय. तो पण आत्ता कुठंतरी बसून जेवत असंल." त्यावर ती हसली होती. काय तरी बोलता, चला, पानं वाढलीत, म्हणाली होती. आज पुलावर, रिक्षाच्या इंजिनाच्या धडधडीत, तिला तो जेवताना दिसला. तोंड दिसलं नाही. ताटलीवर वाकलेली पाठ, आणि शेजारी उलटी पडलेली चप्पल.

सालवडला ती दुसऱ्या दिवशी दुपारी गेली. प्रफुल्लचं ऑफिस म्हणजे चाळीतली पुढची खोली, दारात टेबल, टेबलामागे हजेरीपुस्तकं. तो पस्तिशीचा, हसतमुख होता. तिला बघून उठला, पंखा तिच्याकडे वळवला, थंड पाणी आणवलं.

"काकांची गाडी म्हणजे लक्ष्मी हाय, काकी. एक दिवस बंद पडली नाय. सकाळची फेरी मी स्वतः मारतो, दुपारच्या फेरीला पोरगा ठेवलाय."

तिने चलन दाखवलं. तो जोरात हसला. "ते मी भरतो. त्या दिवशी जरा घाई होती. पाळी सुरू झाली की गेटवाला आत घेत नाय, बायकांचा दिवस बुडतो."

"विमा नाय गाडीला."

"काढायचाच हाय. पण पिवळी पाटी करायची म्हटलं तर परवाना आला, फिटनेस आलं, विमा तिप्पट. परवडत नाय हो. सगळ्यांच्या अशाच चालतात. तुमी जाऊन बघा गेटावर, पन्नास गाड्या हायेत."

"मला पन्नास गाड्यांचं काय? ही ह्यांच्या नावावर हाय."

"पंधरा दिवस द्या," तो एकदम गंभीर होऊन म्हणाला. "मोठ्या कंपनीचं बिल अडकलंय. ते आलं की तुमाला मी घरून घेऊन जातो विरारला. शब्द देतो."

इतक्यात बाहेर गाडी येऊन थांबली. आवाज ऐकताच तिने मान वळवली. दार सरकण्याआधी होणारा तो कुरकुर आवाज तिला झोपेतही ओळखता आला असता. सात सीटच्या गाडीतून बायका उतरू लागल्या. नऊ, दहा, अकरा. मधली सीट काढून तिथे लाकडी फळी टाकली होती. पहिल्या पाळीच्या पॅकिंगमधल्या पोरी, डोक्याला रुमाल, बोटांची टोकं कसल्या तरी पिवळ्या पुडीने रंगलेली. त्यांतली एक, विशीतली, पाणी प्यायला दाराशी आली आणि प्रफुल्ल हजेरी घ्यायला बाहेर गेला तेव्हा पुष्पलताशी बोलली. नाव नवसी. मासवणच्या पुढे डोंगराकडे पाडा. घरचं भात पावसापुरतं, मग वीटभट्टी. यंदा पहिल्यांदा भट्टीवर जावं लागलं नव्हतं.

"ही गाडी फाट्यावर येते म्हणून जमतं, बाय. नायतर आमाला तिथून काय नाय. एसटी येते ती आठला." मग टेबलावरच्या चलनाकडे, पुष्पलताच्या तोंडाकडे बघत तिने विचारलं, "बंद करणार हाय काय गाडी?"

पुष्पलताची बोटं पर्सच्या चेनवर होती. "प्रफुल्ल जोरात चालवतो काय?" तिने विचारलं.

"जोरात चालवतो," नवसी म्हणाली. "आमी डोळे मिटून बसतो." आणि हसली. हसताना तिने पिवळं बोट ओठांवर ठेवलं.

अर्ज पर्समध्येच राहिला. पंधरा दिवस, पुष्पलताने स्वतःला सांगितलं. पण दिवस काढणं तिला वाटलं होतं तसं सोपं नव्हतं. सकाळी साडेसहाला गाडी फाट्यावरून निघत असेल. सातला गेट. तीनला परत. या वेळा तिच्या अंगात भिनल्या. सातला ती चहाचा कप हातात धरून थांबायची, सव्वासात झाले की घोट घ्यायची. दूर कुठे रुग्णवाहिका वाजली की ती कोणत्या दिशेला जाते ते ऐकत राहायची. तारापूरकडे, पालघरकडे, की नुसतीच रेल्वे फाटकाशी अडकलेली. बाजारात माणसं रस्ता ओलांडायची आणि ती त्यांच्याकडे बघत उभी राहायची. नवापूरहून आलेली कोळीण टोपली उतरवून रस्त्याच्या कडेला घाम पुसायची. कामगार पोरं मोबाईलवर हिंदीत मोठमोठ्याने बोलत गाड्यांमधून वाट काढायची. एक म्हातारा बोकडाला ओढत न्यायचा. यातलं कुणीही. हा असेल. ही असेल. आपण यांना नुसतं बघतो आहोत असं तिला वाटेना. जणू निवडतो आहोत असं वाटायला लागलं, आणि मग तिने बाजारात जाणं बंद केलं. नवव्या दिवशी ती पोलीस ठाण्याच्या पायऱ्यांपर्यंत गेली. आतल्या बाकावर एक बाई रडत बसली होती आणि हवालदार डबा खात होता. तिला नवसीचं ते ओठांवरचं बोट आठवलं. ती वळली. घरी येताना तिला हलकं वाटलं, आणि मग त्या हलकेपणाचीच भीती वाटली. रात्री झोप लागायच्या आधी एक विचार नेमाने यायचा, की आपण नवसीसाठी थांबलो नाही. थांबलो, कारण पोलिसांत जाऊन आपलं नाव सांगावं लागलं असतं. ह्यांच्या मागे आपण इतकी वर्षं उभ्या राहिलो की पुढे यायची सवयच मोडली.

चलन आल्याच्या तेराव्या दिवशी, दुपारी साडेतीनला, शैलेश फोन न करता घरी आला. चपला न काढता आत आला तेव्हाच तिला कळलं.

"काकी, बसा तुमी."

"कोण?" ती म्हणाली.

"सकाळी, पास्थळजवळ. सायकलवाला होता कोण. पाड्यावरचा, चिकूच्या वाडीत कामाला. जिवंत हाय. पाय मोडलाय, डोक्यालापण लागलंय. पालघरला नेलाय. गाडीतल्या बायकांना खरचटलं फक्त." तो खुर्चीच्या कडेवर बसला. "प्रफुल्लचा फोन बंद हाय. गाडी तिथंच टाकून गेला."

तिने मान हलवली. सोळा महिन्यांत पहिल्यांदा घरात सगळं नीट, जागच्या जागी दिसत होतं. पाण्याचा माठ, कॅलेंडर, खुंटीवरची छत्री.

शैलेशने पिशवीतून कागद काढला. स्टॅम्प पेपर होता, दोन वर्षांपूर्वीच्या तारखेचा. असे मिळतात, तो म्हणाला, ओळख लागते. मजकूर लिहून आणला होता: मी, आत्माराम गोविंद सावे, माझी गाडी प्रफुल्ल यांना विकून ताबा दिला. "म्हणजे काकांनी हयातीतच विकली. तुमचा संबंधच येत नाय. कोर्टात निदान भांडता येईल. नायतर काकी, विमा नाय, गाडी ह्या नावावर, तर ते सगळं तुमच्याकडनं मागतील. घर जाईल हे." मग त्याने तिच्याकडे न बघता म्हटलं, "काकांची सही येते ना तुमाला. शेवटी शेवटी पेन्शनच्या फॉर्मवर तुमीच करायच्या."

तो वाईट मुलगा नव्हता. त्याच्या शर्टाला पाठीवर घाम फुटला होता. घाबरला होता तो, तिच्यासाठी आणि स्वतःसाठीही. तिने वर्तमानपत्र ओढलं आणि कडेच्या कोऱ्या जागेत सही करून पाहिली. आत्माराममधल्या पहिल्या अक्षराची मोठी गाठ, शेवटच्या म-वरून मागे जाणारी रेघ. एका झटक्यात आली. शेवटच्या महिन्यांत त्याचा हात कापायचा आणि तो पलंगावरून तिच्या हाताकडे बघायचा, मान हलवायचा, बरोबर आली म्हणून. आता ती सही बघताना तिला फोटोतली चार बोटं आठवली. बोटं कुणाचीही असोत, काच अशीच उजेडाने भरलेली राहणार, आणि आत कुणी नाही असं म्हणता येणार. तिने पेनाचं टोपण लावलं.

"कुठल्या दवाखान्यात?" तिने विचारलं.

"काकी, जाऊ नका. तिथं गेलात म्हणजे कबूल केल्यासारखं."

"कुठल्या?"

पालघरच्या दवाखान्यात दुसऱ्या मजल्यावर लांब बोळ होता आणि बोळाच्या टोकाला ऑपरेशनची खोली. फिनाईलचा वास, भिंतीवर हिरव्या रंगाचा पट्टा. बाकावर एक बाई बसली होती, चाळिशीची, गुडघ्याच्या वर नेसलेलं लुगडं, पायांना लाल माती. तिच्या मांडीवर जेवणाचा डबा होता. डबा उघडलेला नव्हता, चेमटला होता. पुष्पलता बाजूला उभी राहिली. पुष्कळ वेळ बाईने वर पाहिलं नाही. एक नर्स दारातून डोकावून "देवूचं कोण?" म्हणाली, आणि ती बाई उठली, नर्सने सांगितलेलं ऐकलं, पुन्हा बसली.

"काय म्हणाली?" पुष्पलताने विचारलं.

"रक्त चढवतात म्हणे. पाय राहील का नाय ते मागून सांगतील." बाईने आता तिच्याकडे पाहिलं, तिचं पातळ, चष्मा, पर्स. "तुमचं कोण हाय आत?"

"तुमचं नाव काय, बाय?"

"बायडी. पोलीस आला होता. बोलला, गाडीवाला पळाला." ती डब्याच्या चेमटलेल्या कडेवरून अंगठा फिरवत होती. "पण वाडीचा शेठ बोलला, भिऊ नको. गाडी कुणाची पण असू दे, गाडीचा विमा असतो. सरकारनं सक्तीचा केलाय, आपल्यासारख्यांसाठीच. दवाखान्याचं, पायाचं, समद्याचं त्यातनं भेटतं." मग तिने, लिहिता-वाचता येणारी बाई दिसते म्हणून, अगदी सहज विचारलं, "खरं हाय काय ते? भेटंल ना?"

बोळाच्या दुसऱ्या टोकाकडून हवालदार येत होता, हातात पॅड घेऊन. अजून त्याला बराच बोळ चालायचा होता. पुष्पलताला वाटलं, आपण आत्ता 'हो' म्हणू शकतो. हो म्हणावं, जिना उतरावा, शेअर रिक्षा धरावी. या बाईला आपण ठाऊक नाही. घरी शैलेश असेल, टेबलावर कागद असेल. ती बाकावर बायडीच्या शेजारी बसली, इतकी जवळ की तिला तिच्या अंगाचा, धुराचा आणि पालापाचोळ्याचा वास आला.

"असतो विमा," ती म्हणाली. "त्या गाडीला नाय."

बायडीचा अंगठा थांबला. "तुमाला कसं ठाऊक?"

"गाडी माझी हाय. ह्यांच्या नावावर होती, ते वारले. म्हणजे माझीच." हवालदार जवळ आला होता, त्यालाही ऐकू जाईल अशा आवाजात ती पुढे बोलली, आणि तो आवाज तिला अनोळखी वाटला. "मला ठाऊक होतं विमा नाय म्हणून. तेरा दिवस ठाऊक होतं."

बायडीने डबा मांडीवरून उचलून दोघींच्या मधे ठेवला. ती ओरडली नाही. तिने पुष्पलताकडे पायांपासून डोक्यापर्यंत पाहिलं, सावकाश, पुन्हा एकदा पाहिलं, पेरणीला बैल घ्यायच्या आधी पाहतात तसं, याच्याच्याने किती ओढवेल ते बघत.

"मग उठू नका आता इथनं," ती म्हणाली.

हवालदाराने पॅडवरचा कागद उलटला आणि नाव विचारलं.